चौदा नंबर

जयवंत सरांनी दोन्ही शर्टांच्या बाह्या उलटून आत घेतल्या, त्यांतून दोन लाठ्या सरकवल्या आणि गुडघ्यावर बसून एकेक बटण लावायला सुरुवात केली. शीवच्या किल्ल्यावर, पडक्या भिंतीच्या सावलीत, गळ्यात स्कार्फ बांधलेली स्काउट पथकातली सतरा मुलं त्यांच्याभोवती वाकून बघत होती. ज्यांचे शर्ट घेतले होते ते दोघे बनियनवर हाताची घडी घालून उभे होते.

"एकही बटण सोडायचं नाही," सर म्हणाले. "घाईत एखादं सुटतं आणि माणूस नेमका तिथूनच खाली जातो. विनीत, आडवा हो."

सहावीतला विनीत टुणकन उडी मारून त्या स्ट्रेचरवर पसरला.

"सर, मी बेशुद्ध आहे की नुसता जखमी?"

"नुसता जखमी."

"मग बोललेलं चालेल ना?"

"कण्हलेलं चालेल."

"बेशुद्धच करा त्याला सर," मागून कोणीतरी म्हणालं. "परळपासून टेप चालू आहे याची."

मुलं हसली. सरही थोडे हसले आणि उठून उभे राहिले. सहासष्टाव्या वर्षी गुडघ्यावरून उठायला दोन खेपा लागत, पण कोणाचा हात धरायची त्यांना सवय नव्हती.

"चौघं पुढे या. सौमित्र, तू डोक्याकडची बाजू धर."

सौमित्र नववीत होता. आठ मुलांच्या टोळीचा तो नायक होता. गाठी बांधण्यात, नकाशा वाचण्यात पथकात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तो एक पाऊल पुढे आला. मग विनीतच्या डोक्याकडे बघून थांबला.

"सर, मी पाणी भरून आणतो," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकवलेल्या बाटल्या उचलून पायऱ्यांकडे गेला.

बाटल्या भरलेल्याच होत्या. सरांनी ते पाहिलं. त्यांनी दुसऱ्या मुलाला डोक्याकडे उभं केलं आणि उचलायचा इशारा दिला.

दहा महिन्यांनी पथक शाळेच्या फाटकाबाहेर पडलं होतं. अटी होत्या. मुंबईबाहेर जायचं नाही, चढाई करायची नाही, एकच्या आत परत यायचं. फेब्रुवारीत पथकात चोवीस मुलं होती. सात जणांच्या घरच्यांनी नावं काढून घेतली. त्यांतलं एक नाव पुष्करचं होतं.

फेब्रुवारीत ते सगळे कर्जतकडच्या एका डोंगरावर गेले होते. पथकाची एक जुनी रीत होती. प्रत्येकाला वर्षभरासाठी एक नंबर मिळे, आणि कुठल्याही थांब्यावरून निघताना सर 'गिनती' म्हणाले की ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा. पुष्करचा नंबर चौदा होता. उतरताना खिंडीत गिनती झाली आणि ती चोवीसपर्यंत बरोबर गेली. पण खाली गावात जेवायला बसले तेव्हा एक पत्रावळ उरली.

पुष्कर सापडला तो खिंडीच्या वरच्या, सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर. मांडीचं हाड मोडलं होतं, आणि दीड तास तो उन्हात एकटा पडून होता. त्याला लाठ्यांच्या आणि शर्टांच्या स्ट्रेचरवरूनच खाली आणला. डोक्याकडची बाजू तेव्हा सौमित्रने धरली होती.

दोन दिवसांनी शाळेत मुख्याध्यापिका सुचित्राबाईंनी विचारलं, तेव्हा सरांनी एका वाक्यात सांगितलं, "खिंडीत मी गिनती घेतली नाही." त्यांनी ते लिहूनही दिलं. तीस वर्षं भूगोल शिकवलेला, निवृत्तीनंतरही बिनपगारी पथक चालवणारा माणूस. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. बाहेरच्या सहली बंद झाल्या, एवढंच.

चौदा कोण म्हणालं ते सरांना माहीत होतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या नावावर असं काही कायमचं लिहिलं जाऊ नये, असं त्यांना वाटलं. आपण वाट बघू. मुलं खरं बोलायला वेळ घेतात. त्यांच्या मागे लागलं तर ती खोटं पक्कं करतात, आणि थांबलं तर एक दिवस आपल्या पायांनी येतात. हे ते नव्या शिक्षकांना नेहमी सांगत आले होते. वर्गातून चोरलेला कंपास अकरा महिन्यांनी परत आणून देणारा मुलगाही त्यांनी पाहिला होता.

पण आता त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत सौमित्रचा राज्य पुरस्काराचा अर्ज होता. सोमवारी तो पाठवायचा होता. सगळे रकाने भरले होते. फक्त शेवटचा रकाना, मुलाच्या सचोटीबद्दल पथकप्रमुखाने स्वतःच्या हाताने लिहायचा, तेवढा कोरा होता. आज रविवार होता.

स्ट्रेचरचा सराव संपला. मुलं डबे उघडून बसली. विनीतला कोणीतरी खरोखरच वाहून डब्यापर्यंत नेलं. सौमित्र लांब, बुरुजाच्या टोकाशी बसला होता. तिथून खाली रस्ता, पलीकडे खाडीची राखाडी पट्टी आणि मधे इमारतीच इमारती दिसत होत्या. सर त्याच्याजवळ जाऊन बसले. पिशवीतून त्यांनी अर्ज काढला आणि दोघांच्या मधे ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला.

"एवढा एक रकाना राहिलाय."

सौमित्रने वाचलं. मग तो पुन्हा खाडीकडे बघायला लागला.

"नका लिहू सर."

"का?"

"असंच. मला नकोय पुरस्कार."

"तुझ्या बाबांनी तर गणवेश नवा शिवून घेतलाय."

"घेऊ देत."

सर थांबले. थांबणं त्यांना जमत असे. खाली कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजला आणि विरून गेला. विनीतचा आवाज मात्र चालूच होता.

"तुम्हाला माहितीये ना?" सौमित्रने एकदम विचारलं.

"काय?"

"सर, प्लीज."

"हो," सर म्हणाले. "माहीत आहे."

सौमित्रने खाली मान घातली. बुटाच्या टोकाने तो माती उकरत राहिला.

"बाटली विसरला होता पुष्कर, वर पाण्याच्या टाक्याजवळ. मला म्हणाला, सर ओरडतील, माझा चौदा तू मार, मी पळत जाऊन येतो. आम्ही मारायचो ना असं कधी कधी. कोणी सू करायला गेला की वगैरे. मी मारला. सगळे हसले."

"मग एवढे दिवस का नाही बोललास?"

हा प्रश्न त्यांनी दहा महिने जपून ठेवला होता. तो विचारताना आवाज कसा ठेवायचा, तेही ठरवलं होतं. मुलगा रडेल, मग आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवू, आणि रकान्यात लिहायचं ते वाक्य तिथेच सापडेल, असं त्यांना वाटत आलं होतं.

सौमित्र रडला नाही. त्याने मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"आलो होतो मी बोलायला. मंगळवारी. मोठ्या बाईंच्या ऑफिसच्या बाहेर उभा होतो. चिठ्ठी लिहून आणली होती, तोंडाने बोलता आलं नसतं म्हणून. दार उघडंच होतं. तुम्ही आत सांगत होतात, गिनती घेतलीच नाही."

सरांनी अर्जावरचा दगड उगाच सरळ केला.

"गिनतीच झाली नाही, तर मी चौदा कुठे म्हणालो, सर?"

दगडाखालच्या कागदाची कडा फडफडत होती. सौमित्रने ती बोटाने दाबून धरली.

"मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही खोटे ठरला असतात. मी पोरांना विचारलं. सगळे म्हणाले, सर आपल्याला वाचवतायत, गप बस, तोंड उघडलंस तर सरांना काढतील. मग काय करणार होतो मी?"

"सगळे म्हणाले?"

"म्हणजे काय! सगळेच होते ना तिथे."

सरांनी वळून पाहिलं. डब्यांभोवती बसलेल्या मुलांपैकी काही जण इकडेच बघत होते. नजर मिळताच त्यांनी ती खाली केली. त्या दिवशी खिंडीत तेवीस मुलांनी तोंडाने नंबर सांगितले होते. दुसऱ्याच आठवड्यात गिनती झालीच नाही हे त्या सगळ्यांना कळलं होतं. सरांच्या तोंडून. आणि गेले दहा महिने दर शनिवारी, शाळेच्या मैदानात ध्वजाखाली, त्यांतली उरलेली मुलं तीन बोटं वर करून त्यांच्या मागून विश्वासू असण्याचं वचन म्हणत होती.

थांबलं की मुलं आपल्या पायांनी येतात. हा मुलगा दोनच दिवसांनी आला होता. त्याची वाट अडवून दारात उभे होतो ते आपणच.

"ती चिठ्ठी कुठे आहे?"

"फाडली."

सरांनी अर्जावरचा दगड बाजूला केला, कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"उद्या आपण दोघं मोठ्या बाईंकडे जाऊ. आधी मी बोलेन, मग तू. त्यानंतरही हा अर्ज पाठवायचा असं त्यांचं म्हणणं पडलं, तर मी सगळं झालेलं त्या रकान्यात लिहून पाठवीन. चालेल?"

"आणि तुम्हाला काढलं तर?"

"तर काढतील. पण त्याआधी आज एके ठिकाणी जायचंय. तुझ्या घरी फोन करून सांग, तासभर उशीर होईल म्हणून."

कुठे, ते सौमित्रने विचारलं नाही.

पावणेएकला बसने पथक परळला सोडलं. शेवटचं मूल घरी जाईपर्यंत सर फाटकाशी उभे राहिले. मग दोघं चालत लालबागकडे निघाले. एका वखारीपाशी सौमित्र एकदाच म्हणाला, "पुष्कर चिडेल सर. त्याने शपथ घातली होती."

"शाळेत बोलतो तुझ्याशी?"

"बोलतो. पण कबड्डीच्या वेळेला मी ग्राउंडवर जात नाही. तो बाकावर बसलेला असतो ना."

पुष्करचे वडील हितेंद्र गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या उंच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहत. ते घर त्यांच्या वडिलांच्या नावाने सोडतीत लागलं होतं. हितेंद्र स्वतः सरांच्या पथकातला, सव्वीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा त्याचा नंबर तीन होता. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तो सरांना म्हणाला होता, "मोजायला तुम्हीच शिकवलं होतंत ना आम्हाला?" त्यानंतर तो बोललाच नव्हता. मागच्या महिन्यात हिंदमाताजवळ समोरासमोर आला, तर रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

लिफ्टपाशी सौमित्र थांबला.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला कसं कळलं मीच होतो ते? पुष्करने सांगितलं नाही. पोरांनीपण नाही, मी सगळ्यांना विचारलं."

सरांनी लिफ्टचं बटण दाबलं. दिवा लागला होता तरी पुन्हा एकदा दाबलं.

"वर गेल्यावर सांगतो," ते म्हणाले.

दार पुष्करने उघडलं. त्याच्या डाव्या चपलेचा तळ जाड होता. त्याने आधी सौमित्रकडे, मग सरांकडे पाहिलं आणि पटकन मागे वळून घरात बघितलं.

"कोण आहे रे?" आतून हितेंद्रचा आवाज आला.

"पप्पा... सर आलेत."

आतला सुरीचा आवाज थांबला. हितेंद्र बाहेर आला तो बनियनवर, ओले हात अंगापासून लांब धरून. हातांना सुरमईचा वास होता. त्याने या म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. खिडकीजवळ तांदूळ निवडत बसलेल्या त्याच्या आईनेच मान वर केली.

"उभे कित्याक? बसा."

सौमित्र खाटेच्या कडेवर टेकला. सर उभेच राहिले.

"काय काम होतं?" हितेंद्रने विचारलं.

सरांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच सौमित्र बोलायला लागला.

"काका, चौदा मी म्हणालो होतो. खिंडीत. पुष्कर नव्हता तिथे. गिनती झाली होती, सरांनी घेतली होती. पुष्करचा नंबर मी म्हटला."

"ए, गप ना," पुष्कर म्हणाला. मग बापाकडे वळून, एका दमात, "पप्पा, मीच सांगितलं होतं त्याला. बाटली राहिली होती वर. त्याची काय चूक नाही."

हितेंद्र एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. हात तसेच लांब धरलेले होते. त्यांतून एक थेंब फरशीवर पडला.

"म्हणजे गिनती झाली होती?"

"हो," सर म्हणाले.

"मग तुम्ही शाळेत..." तो थांबला. "या पोरासाठी?"

त्याने ओल्या हाताने सौमित्रकडे बोट दाखवलं.

"अहो, दहा महिने मी तुम्हाला काय काय बोललो! हॉस्पिटलमध्ये, सगळ्या लोकांसमोर. बिल्डिंगमध्ये सांगत फिरलो, म्हाताऱ्याला मोजता येत नाही म्हणून. आणि तुम्ही सगळं ऐकून घेतलंत?" त्याने घाईघाईने हात पंच्याला पुसले. "काय माणूस आहात तुम्ही, सर. आई, पाणी दे गं सरांना. सर, बसा ना. चुकलं माझं."

तो पुढे आला आणि नमस्कारासाठी वाकू लागला. सरांनी त्याचे दोन्ही दंड धरले आणि त्याला वाकू दिलं नाही.

"थांब हितेंद्र. माझं राहिलंय सांगायचं."

त्यांनी त्याचे दंड सोडले. मग सौमित्रकडे पाहिलं.

"तू खाली विचारलंस, मला कसं कळलं. मी ऐकलं होतं." ते शब्द सावकाश, वर्गात फळ्यावर लिहावेत तसे, एकेक करून ठेवत होते. "नऊ नंबर तुझा. नऊ म्हणालास आणि चार मुलांनंतर चौदा आलं, ते त्याच आवाजात आलं. पुष्करचा आवाज मला ठाऊक नव्हता का? तीन वर्षं होता तो माझ्याकडे. मला तेव्हाच, तिथल्या तिथे कळलं की हा पुष्कर नाही."

आजीचे तांदळातले हात थांबले होते.

"बस खाली कधीची येऊन थांबली होती. ऊन चढलं होतं. तुम्ही पोरं हसत होतात. मला वाटलं, मस्करी चाललीय, पुष्कर असेल इथेच मागे कुठेतरी. मी मागे वळून पाहिलं नाही. 'चला' म्हणालो. मग शाळेत सांगताना, गिनती घेतलीच नाही हे सांगणं सोपं वाटलं. सौमित्रला वाचवतोय असं स्वतःला सांगितलं. तेही खरं होतं. पण सगळं खरं ते नव्हतं."

हितेंद्र वाकता वाकता थांबला होता. तो आता सरळ झाला. हातातला पंचा त्याने घडी घालायला घेतला आणि मधेच सोडून दिला.

"तू किती लांब गेला होतास तेव्हा?" त्याने पुष्करला विचारलं. सरांकडे पाहिलं नाही.

पुष्कर उंबऱ्याजवळच उभा होता. त्याने जाड तळाची चप्पल फरशीवर पुढेमागे केली.

"जास्त नाही. वळणापर्यंत. सगळे हसले ते मला ऐकू आलं होतं."

"मग हाक मारली असती कोणी, तर?"

पुष्करने सरांकडे पाहिलं.

"सर, मी तुम्हाला विचारतोय," हितेंद्र म्हणाला. "हाक मारली असती, तर ऐकू गेली असती याला?"

"हो," सर म्हणाले. "गेली असती."

आजीने उठून पाण्याचा पेला आणून टेबलावर ठेवला. तो कोणी उचलला नाही. हितेंद्र खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवले. जा, असं तो म्हणाला नाही. सरही जागचे हलले नाहीत.

थोड्या वेळाने सौमित्र खाटेवरून उठला आणि सरांच्या शेजारी येऊन उभा राहिला.